वहीचं उजवं पान

१२ मे

चि. मुंगी हिला मामाचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र परवा आलं. आधी सगळ्यांची खुशाली कळव, मग बाकीचं. तुझा खोकला गेला का? खळीच्या वासानं डोकं धरायचं ते थांबलं का? मालकीणबाईंचा गुडघा कसा आहे, जिना अजून कठड्याला धरून चढतात का? कातडं कापणाऱ्या आजोबांच्या अंगठ्याचे टाके निघाले का? आणि तुझ्याबरोबर उमेदवारी करणारा तो लंबू, त्याच्या शिंका? बघ, तुमच्या त्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यातल्या एकाही माणसाला मी पाहिलेलं नाही, पण सगळ्यांची दुखणी मला तोंडपाठ आहेत.

इथे आम्ही बरे. माझे गुडघे सकाळी कुरकुरतात आणि दहाच्या सुमाराला वळणावर येतात. तुझ्या आईचं औषध बदललं, आता चक्कर येत नाही. मामी ठणठणीत आहे. तिच्या तब्येतीची चौकशी केली की तिला राग येतो, म्हणून मी करत नाही.

तू लिहितेस की तिथे सगळे तुला फार अदबशीर म्हणतात. वाचून माझी छाती दोन बोटं फुगली. अगं, हे तू जाताना मी दिलेल्या त्या वहीचं श्रेय! जन्मभर टाइपरायटर दुरुस्त करणारा माणूस मी. ना शाळा ना गुरू, एका यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक आणि रेडिओवरचे धडे, एवढ्या भांडवलावर स्पॅनिश शिकलो, आणि आता तीच तुझ्या कारखान्याची भाषा. त्यातून ती वही झाली. डाव्या पानावर काही हवं असलं तर ते अदबीनं कसं मागायचं, आणि उजव्या पानावर घरच्यासारखं कसं. डावं पान गच्च भरलं आणि उजवं जवळजवळ कोरं ठेवलं, ते मुद्दामच. परक्या ठिकाणी, वडीलधाऱ्या माणसांत, 'कीसिएरा', म्हणजे हवं होतं, असं म्हणत जा. आपणही दुकानात म्हणतोच ना, की जरा सुईदोरा हवा होता? हवा तर आत्ता असतो. पण मागणं थोडं मागे सारून ठेवलं की समोरच्याला नाही म्हणायला ऐसपैस जागा मिळते. ही खोड दोन्ही भाषांना आहे, हे मला कळलं त्या दिवशी मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो होतो.

तुझी सहा महिन्यांची उमेदवारी ऑगस्टअखेर संपते. जुने बांधणीकार काम सोडून गेल्यापासून खिडकीजवळचं टेबल रिकामं आहे, आणि ज्याचं ते टेबल त्याला कारखान्यावरच्या दोन खोल्या, असं तू लिहिलंस. टेबल मिळालं तर तू राहणार, नाही मिळालं तर सप्टेंबरात घरी. माझं ऐकशील तर काही मागायला जाऊ नकोस. मान खाली घालून काम कर. माणसं डोळस आहेत, आपणहून देतील.

लोभ आहेच, पत्र टाकून तो ताजा ठेव.

तुझा,
मामा


२९ मे

ती. मामांना मुंगीचा सा. न., वि. वि.

खोकला गेला. आजोबांचे टाके निघाले. बाईंचा गुडघा तसाच आहे आणि लंबूच्या शिंकाही तशाच. खुशाली संपली, आता खरं सांगते. मामा, मी मोठा घोळ करून बसले आहे.

मंगळवारी मालकीणबाई माझ्यापाशी आल्या. दोन्ही हातांत धरलेलं एक भलंमोठं जुनं पुस्तक, वनस्पतींच्या चित्रांचं, कुठल्याशा ग्रंथालयातून आलेलं. कणा पार उसवलेला, फर्मे, म्हणजे पानांचे शिवलेले गठ्ठे, सुटे झालेले, कातड्याचे पापुद्रे निघत होते. हे काम ज्याच्या हातून नीट होईल तो खिडकीजवळच्या टेबलाचा निम्मा धनी, हे इथे झाडूवालीलासुद्धा ठाऊक आहे. बाईंनी विचारलं की हे तू करशील का. मनात मी तेव्हाच सुईत दोरा ओवला. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? की नको, राहू द्या, माझ्यापेक्षा जाणती माणसं आहेत इथे. तेही तुमच्या डाव्या पानावरच्या सगळ्यात गोड वाक्यात!

मग मी मान खाली घालून उभी राहिले, दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत. आपल्या घरी कसं असतं? मामी वाढायला आली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा नको म्हणताना ताट हळूच पुढे सरकवायचं. तिसऱ्यांदा, तू ऐकणारच नाहीस म्हणून, असं म्हणत घ्यायचं. बाईंनी मान डोलावली, छान हसल्या, आणि पुस्तक नेऊन लंबूच्या टेबलावर ठेवलं. तो त्याच क्षणी हो म्हणाला. शिंकलासुद्धा नाही.

दिवसभर मी हात पुसत पुसत बाईंच्या खोलीसमोरून येरझाऱ्या घातल्या. शेवटी कातडंवाल्या आजोबांनी विचारलं की पोरी, काही हरवलंय का तुझं. त्यांना सगळं सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना सुरी खाली ठेवावी लागली. मग म्हणाले की इथे एकदाच विचारतात. नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तू खोटं बोललीस असं तोंडावर सांगणं.

आणखी एक गोष्ट तुम्हाला लिहिली नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी इथे भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकानं लिहायचं असतं, या महिन्यात मला कुठलं काम हवं. मी तिन्ही वेळा लिहिलं, जे द्याल ते. मला वाटायचं, काय शहाणी मुलगी आहे मी! तिन्ही महिने खळ शिजवणं आणि कागदाच्या कडा कापणं माझ्याकडे आलं. मी मनातून रुसले होते. आज कळलं की त्यांनी मला मी मागितलं तेच दिलं.

मामा, मला ते टेबल हवंय. तुम्हाला हे लिहितानासुद्धा माझे कान तापले. उजव्या पानावर काय असतं?

मामीला आणि आईला नमस्कार. रागावला नसाल तर लगेच लिहा, रागावला असाल तर त्याहून लगेच.

तुमची,
मुंगी


१२ जून

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

रागावलोय, पण स्वतःवर. चूक तुझी चार आणे, माझी बारा आणे. पोरीला पोहायला पाठवताना फक्त कपड्यांच्या घड्या कशा घालायच्या तेवढंच शिकवलं मी! मामीनं तुझं पत्र वाचलं आणि म्हणाली की वाढणारी मी, म्हणून तुमची सगळ्यांची पोटं भरली, नाहीतर सगळं खानदान नको नको म्हणत उपाशी राहिलं असतं.

आता उजवं पान. काल ते भरायला बसलो तर पेन अडलं. वही तुझ्याजवळ आहे, म्हणून इथे कोऱ्या कागदावर लिहितो, तू उतरवून घे.

'किएरो' म्हणजे मला हवंय. सरळ, आत्ताचं, आडपडदा नाही. 'दामे' म्हणजे मला दे. हे घरातल्या माणसाला, मैत्रिणीला, हाताशी काम करणाऱ्याला. आणि 'मे पोनेस', म्हणजे मला देतेस का, हे दुकानात ओळखीच्या माणसाला. यात उद्धटपणा कुठेच नाही. रेडिओवरच्या बाई सांगायच्या की अदब वाक्याच्या लांबीत नसते, ती चेहऱ्यावर असते. तेव्हा वाक्य आखूड कर आणि चेहरा हसरा ठेव.

पण एकदम टेबलावर उडी नको. यंत्राची अडकलेली कळ जोर लावून दाबली तर दांडी वाकते. तेलाचा एक थेंब, मग हलक्या बोटानं दहा वेळा, मग ती आपली आपण चालते. तसं तू रोज एक वस्तू मोठ्यानं हवी म्हण. आधी पाव माग. मग चांगली सुरी. मग काम. आणि मग टेबल. प्रत्येक वेळी काय झालं ते मला लिही.

एक मात्र लक्षात ठेव. ते चित्रांचं पुस्तक आता लंबूचं. त्याच्या ताटातलं ओढू नकोस. तुला टेबल हवंय, तर टेबल माग.

माझी काळजी करू नकोस, मला इथे काय कमी आहे?

तुझ्या पहिल्या पावाची वाट बघणारा,
मामा


१४ जून

चि. मुंगीस मामीचे आशीर्वाद.

हे पत्र मी भाजी आणायला जाते म्हणून सांगून टाकते आहे, तेव्हा थोडक्यात. तुझे मामा तुला हवं-नकोचे धडे देताना पाहून मला हसू आवरेना. ते सांगणार नाहीत म्हणून मी सांगते.

आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. ज्या कंपनीची यंत्रं हे दुरुस्त करायचे तिला एक कारागीर सहा महिन्यांसाठी तिच्या मूळ कारखान्यात पाठवायचा होता. तिथे सगळे स्पॅनिश बोलणारे. ह्यांनी वर्षभर आधीपासून पाठांतर चालवलेलं, ते त्याच्याचसाठी. साहेबांनी बोलावून विचारलं की जाणार का. हे म्हणाले की नको, दुसऱ्या कोणाला पाठवा, मी काय, नंतर कधीही जाईन. आणि घरी येऊन शर्टाला इस्त्री केली. तीन दिवस तो इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेले, साहेब पुन्हा बोलावतील म्हणून. चौथ्या दिवशी दुसराच गेला. परत आला तेव्हा त्याला त्या भाषेतले दोन शब्द येत होते, दोन्ही खाण्याचे.

त्यानंतर आजतागायत हे त्या भाषेत एकाही जिवंत माणसाशी बोललेले नाहीत. यंत्रांशी बोलतात. कळ अडली की तिला काय विनवण्या करतात, तू ऐकायला हवंस. मी विचारलं की म्हणतात, छंद आहे. छंदाला कोणी पस्तीस वर्षं शिकवणी लावत नाही.

तू आपलं टेबल माग, बाई. आपल्या घरात कोणीतरी सुरुवात करायला हवी. हे पत्र फाडून टाक. किंवा ठेव, मी काय घाबरते?

मामी


७ जुलै

ती. मामांना मुंगीचा सा. न., वि. वि.

सगळे बरे आहेत. बाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला आहे. तुम्ही सगळे बरे असालच, आणि नसाल तर मामी कळवील.

पहिला पाव फसला. मी रोज त्या पाववालीकडे इतकं लांब वाक्य म्हणायचे की मागची रांग पाय बदलायची. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उजवं पान घोकत गेले आणि 'दामे' असं काही ओरडले की ती बिचारी दचकून मागे सरली आणि तिनं पाव टोपलीसकट पुढे केला. चेहरा हसरा ठेवायचा राहून गेला, मामा! मग मी सगळं समजावून सांगितलं, मामा, वही, डावं पान, उजवं पान. ती काउंटरवर कोपर टेकून ऐकत राहिली, रांग गेली खड्ड्यात. म्हणाली की उद्यापासून मला 'मे पोनेस' म्हण, आपली ओळख झाली. आता ती मला बघितलं की आधी गप्प बसते, मी मागेपर्यंत पावाला हात लावत नाही. रांगेतले लोकही माझ्याकडे बघत थांबतात. मास्तरीण भेटलीय मला.

दुसऱ्या आठवड्यात आजोबांकडे त्यांची पातळ सुरी मागितली, जिला ते कोणाला हात लावू देत नाहीत. त्यांनी लगेच काढून दिली. वर म्हणाले की चार महिने तू त्या बोथट सुरीनं कापतेस हे बघून मला वाटायचं, तुला तीच आवडते.

ऐका, मामा, हे सगळीकडे असंच आहे. घरमालकिणीला सांगितलं की खिडकीची कडी हवी, तर दुसऱ्या दिवशी सुतार आला. तिलाही वाटायचं की मला उघडी खिडकी आवडते. मी इथे चार महिने लोकांना माझ्याविषयी कोडी घालत होते आणि ते सोडवत नाहीत म्हणून रुसत होते.

काल महिन्याचा पहिला सोमवार. फळ्यावर मी लिहिलं, मला शिलाई हवी. खडू इतका दाबला की त्याचे दोन तुकडे झाले. बाईंनी वाचलं, चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की बरं. एवढंच. आकाश कोसळलं नाही. आज सकाळपासून मी शिलाईच्या चौकटीपुढे बसले आहे. मेण लावलेला दोरा फर्म्यातून सुळकन निघतो तेव्हा जे वाटतं ते कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही.

टेबलाचं पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, ऑगस्टात. उमेदवारीतला तो शेवटचा सोमवार. तोवर हात बसवते.

तुमची आठवण काढत शिवणारी,
मुंगी

ता. क. मामा, तुमचा तो इस्त्रीचा शर्ट कसा आहे? सहज विचारलं.


९ ऑगस्ट

ती. मामा आणि मामी यांना मुंगीचा सा. न., वि. वि.

टेबल मिळालं! आता खाली बसून सावकाश वाचा.

जुलैभर मी एकेचाळीस पुस्तकं शिवली. एकही परत उसवावं लागलं नाही. शेवटच्या आठवड्यात लंबू माझ्यापाशी आला. कातड्यात त्याचा हात सोन्याचा आहे, पण चित्रांच्या पुस्तकाची शिलाई त्याच्याच्यानं होईना, कणा उघडला की फर्मे पंख्यासारखे पसरत होते. त्यानं मला सरळ म्हटलं की ही शिलाई तू करून दे, मला जमत नाही. मामा, मी लगेच हो म्हणाले. पहिल्याच वेळी. तो जरा गोंधळलाच. त्याला वाटलं होतं की मी आधी नको म्हणेन.

पुस्तक त्याचं आणि शिलाई माझी, असं आम्ही बाईंपुढे ठेवलं. त्यांनी ते हवेत धरलं, कान लावून पानं फडफडवली, आणि दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग पुस्तक कपाटात ठेवून आपल्या खोलीत गेल्या. मला चार दिवस अन्न गोड लागलं नाही.

मग सोमवार उजाडला. लंबूनं माझ्या आधी फळ्यावर लिहिलं, त्यानं काय लिहिलंय ते मी बघितलं नाही. मी खडू घेतला आणि लिहिलं, 'किएरो ला मेसा दे ला बेन्ताना'. मला खिडकीजवळचं टेबल हवंय. पुढे ना 'जमलं तर', ना 'तुम्हाला योग्य वाटलं तर'. मागे वळले तर सगळा कारखाना हातातलं काम टाकून बघत होता. बाईंनी विचारलं की का. मी म्हटलं की शिलाईला सकाळचा उजेड लागतो, माझा हात आता बसला आहे, आणि मला इथे राहायचं आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून आवाज हलला नाही. बाई म्हणाल्या की ठीक, ते तुझं. मग त्यांनी लंबूची ओळ वाचली. त्याला आजोबांच्या शेजारी कातड्याचं काम हवं होतं. खिडकीच्या उन्हात त्याला जास्तच शिंका येतात म्हणे!

नंतर मी बाईंना विचारलं की मेमध्ये मी नको म्हटलं तेव्हा तुम्हाला माझ्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही का. त्या म्हणाल्या की कळलं. पण शब्द तुझा होता, आणि तुझ्या शब्दाला मान देणं माझं काम. चेहरा वाचत बसले असते तर तुला कधीच बोलता आलं नसतं.

आता दुसरी गोष्ट. वरच्या दोन खोल्या मला मिळाल्या आहेत. मोठीत मी, धाकटी रिकामी. धाकटीला पूर्वेची खिडकी आहे, खाली ती पाववाली. बाईंच्या कचेरीत एक जुना टाइपरायटर धूळ खात पडला आहे, त्याची डोक्यावर वेलांटी असलेल्या न ची कळ अडली आहे. मामा, नोव्हेंबरात तुम्ही आणि मामी दोन महिने इथे या. तिकिटांचं मी बघते. येणार का?

उत्तराची वाट बघणारी, आणि आता भाड्याच्या खोलीत न राहणारी,
मुंगी


२२ ऑगस्ट

चि. मुंगीस मामाचे खूप खूप आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं, फळ्याजवळ आलो तेव्हा कागद खाली ठेवला. पुढचं तुझ्या आईनं वाचलं. ती रडत होती आणि मामी तिला विचारत होती की आनंदाचं आहे ना, मग हुंदका कशाला. शाब्बास, मुंगी! खानदानाचं नाव काढलंस.

येण्याचं म्हणशील तर नको गं, राहू दे. तू विचारलंस, पोचलं, भरून पावलो. माझे गुडघे हे असे. तिथले जिने. मामीच्या कुंड्यांना पाणी कोण घालणार? शिवाय तुझं नवं टेबल, त्यात आम्ही म्हातारे मध्ये मध्ये. ती खोली एखाद्या गरजू माणसाला दे. आणि माझं स्पॅनिश काय, यंत्राच्या तेलाचा वास येणारं. तिथली माणसं हसतील. आम्ही नंतर कधीतरी येऊ, त्यात काय.

ती न ची कळ साधारण खालच्या दांडीत धूळ बसून अडते. मऊ ब्रशनं झाडायला सांग.

तुझा सदा कौतुकात असलेला,
मामा


३ सप्टेंबर

ती. मामांना मुंगीचा सा. न., वि. वि.

तुमचा नकार पोचला. त्याला मान देते.

आजोबांची भाची दुसऱ्या गावाहून इथे शिकायला येते आहे, तिनं धाकटी खोली मागितली आहे. तिला मी सांगितलं की महिनाअखेरपर्यंत थांब. त्यानंतर खोली तिची.

मी पुन्हा विचारणार नाही. तुम्हाला माहीत आहे, इथे एकदाच विचारतात. पण मामा, विचारण्यावर बंदी आहे, मागण्यावर नाही. उजवं पान माझ्यापाशी आहे, तुम्हीच लिहून पाठवलेलं. फक्त त्याच्या तळाला एक ओळ अजून कोरी आहे.

कळ ब्रशनं झाडली. नाही हलली.

मामीला नमस्कार, आईला पापा.

तुमची,
मुंगी


१५ सप्टेंबर

चि. मुंगीस,

आशीर्वाद नंतर. आधी ती ओळ.

किएरो इर. मला यायचंय.

लिहिलं. आता जरा पाणी पितो.

तुझं पत्र आलं आणि मी म्हटलं, पोर लटकी रागावलीय, दोन दिवसांत दुसरं येईल आग्रहाचं. तीन दिवस पोस्टमनच्या वेळेला फाटकापाशी उभा राहिलो. चौथ्या दिवशी मामी बाहेर आली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली की शर्टाला इस्त्री छान झालीय. बस, एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी खाली बघितलं, तर खरंच मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो, मुंगी. कधी घातला मला कळलंसुद्धा नाही. तुझ्या त्या ता. क. चा अर्थही तेव्हा लागला. तुम्हा दोघींचा पत्रव्यवहार कधीपासून चालू आहे, ते आल्यावर विचारीन.

तेव्हा ऐक, एकदा सुरुवात केलीच आहे तर मी सगळंच मागून घेतो. मला ती पूर्वेची खोली हवी. मला बाईंच्या कचेरीतलं ते यंत्र हवं, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नकोस, ब्रशनं हललं नाही म्हणजे दांडी वाकली आहे आणि ते ब्रशवाल्याचं काम नव्हे. आणि मला त्या पाववालीकडून पाव स्वतः मागायचा आहे. तू बरोबर यायचं नाहीस. लांब उभी राहा, हवं तर झाडामागे, पण मध्ये बोलायचं नाही. कितीही वेळ लागला आणि रांग कितीही पाय बदलू लागली तरी. पस्तीस वर्षांची तयारी आहे, एक पाव निघेल त्यातून.

हसतील तर हसू देत. हसायलासुद्धा जिवंत माणूस लागतं, यंत्र कधी हसलं नाही मला.

कुंड्यांना पाणी तुझी आई घालेल. तिला मी विचारलं तर ती म्हणाली, नको बाई, मला कुठे जमतंय. मी वळलो आणि चालू लागलो. मागून पळत आली, घालते घालते म्हणत! लागू पडतो गं तुझ्या बाईंचा नियम. मामीला विचारलं की येणार का, तर तिनं माळ्यावरून मोठी बॅग काढली. तिला कुठली भाषा लागत नाही.

आजोबांच्या भाचीला माझ्या वतीनं सांग की खोली मला दोन महिन्यांसाठी हवी आहे, पुढे सगळी तिची. हे अदबीनं सांग, डाव्या पानावरून. ती लहान आहे आणि तिचं नाव माझ्या आधी लागलं आहे.

पत्र पोचायला बारा दिवस धरले तर सत्तावीस तारीख होते. महिनाअखेरीच्या आत बसतं, मी दोनदा बोटं मोजली. खोली अजून आहे ना? उत्तर लवकर टाक, मुंगी. दोन ओळी पुरेत. पोस्टमनच्या वेळेला मी फाटकापाशी असेन, रोजच्या शर्टात.

तुझा,
मामा